उरलेल्या तीन फेऱ्या

अप्पांना आम्ही सुताची पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. काटा अठ्ठेचाळीसवर येऊन थांबला.

"सकाळची भाकरी धरून हाय हे," अप्पा म्हणाले. "उपाशीपोटी आनखी हलका भरलो असतो."

बर्वे मॅडमनी हसू दाबलं आणि फाइलमध्ये आकडा लिहिला. पुण्याच्या एका कंपनीकडून त्या एका दिवसासाठी इचलकरंजीला आल्या होत्या. आमची तरंगती गाडी शहरात रोजच्या जाण्यायेण्याला चालेल की नाही, एवढं ठरवायचं आणि संध्याकाळी परत जायचं. गाडी बावन्न किलो उचलायची, त्यापेक्षा एक किलोही जास्त नाही. आमच्यात बावन्नच्या आतली माणसं तीनच. मी, श्रेणिकदादांच्या बायको त्रिशलावहिनी आणि माझे वडील, अप्पा. मी गाडीची इंजिनिअर, म्हणून मला खाली राहून आकडे बघायचे होते. वहिनी गाडी चालवायला शिकलेल्या होत्या, पण अप्पा त्यांच्याहून सफाईनं चालवत. पस्तीस वर्षं मागांच्या मधल्या हातभर वाटेनं चालून माणूस जसा सडपातळ होतो, तसे अप्पा होते. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं हडकुळेपण कुणाच्या तरी कामी येत होतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

अप्पा श्रेणिकदादांकडे जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. श्रेणिकदादा उपाध्ये आमचे मालक. पण माग त्यांनी केव्हाच काढून टाकले होते आणि रिकाम्या शेडमध्ये हे खूळ घेतलं होतं. खूळ म्हणते, पण तेव्हा माझाही त्यावर जीव होता. आमच्या गल्लीत सूत गुंडाळलेल्या अवजड बीमांचे टेम्पो समोरासमोर आले की दीड किलोमीटरला पाऊण तास लागायचा. दादा टेम्पोमागे हॉर्न वाजवत बसायचे आणि वर मोकळ्या आभाळाकडे बघायचे. "वरची गल्ली रिकामीच हाय की गं रतन," असं एकदा म्हणाले आणि त्यातून हे सगळं सुरू झालं. चार वर्षं आम्ही शेडमध्ये राबलो. सहा पंखे, एक खुर्ची, जमिनीपासून दहा फूट उंच उडणारी गाडी. एक तयार झाली, मग तिच्यासारखीच दुसरी. गावाबाहेरच्या माळावर पहिल्या गाडीनं शंभरावर फेऱ्या मारल्या होत्या आणि एकदाही कुरकुर केली नव्हती.

बर्वे मॅडमची अट मात्र माळावरची नव्हती. "गल्लीतून दाखवा. शेडपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत, अशा दहा फेऱ्या. मध्ये बॅटरी बदलायला दहा मिनिटं, त्याहून जास्त थांबायचं नाही. एकदा उडणं म्हणजे खेळ झाला. रोज दहा वेळा उडेल ते वाहन."

त्यांचं बरोबरच होतं. म्हणून तर राग येत होता.

दोन्ही टोकांना पिंपं लावून गल्ली बंद केली होती. पहिल्या तीन फेऱ्या बघायला मागवाले दारात येऊन उभे राहिले. गाडीच्या वाऱ्यानं पत्र्यांवर, तारांवर, गटारीच्या कडेला वर्षानुवर्षं बसलेला कापूस उठायचा आणि सगळी गल्ली पांढरी व्हायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. चौथ्या फेरीला सगळे आपापल्या मागावर परत गेले. आमच्या गावात कौतुकाला पाळी बुडवून चालत नाही.

सहावी फेरी झाली. बॅटरी बदलेस्तोवर अप्पा खाली उतरून चहा प्यायले. डोक्याला, भुवयांना कापूस चिकटलेला. "टाकीपाशी वळताना वरनं आपली शेड केवढीशी दिसती गं," मला म्हणाले. "ह्येवढ्याशा जागंत जलम काढला म्या?" आणि हसत पुन्हा जाऊन बसले.

दादा आणि मॅडम घड्याळ घेऊन टाकीच्या टोकाला होते. वहिनी शेडच्या मागच्या खोलीत बॅटऱ्या चार्जिंगला लावत होत्या. मी फाटकात उभी होते. सातव्या फेरीचं परतीचं वळण घेऊन गाडी सरळ माझ्याकडे येत होती. फाटक वीस पावलांवर असताना मागचा डावा पंखा धूर सोडून थांबला.

गाडी एका अंगावर कलली आणि अप्पांना घेऊन गटारीच्या फरशीवर आपटली. दोन्ही बाजूंना माग खडखडत होते. एवढा मोठा आवाज झाला आणि गल्लीत कुणालाही ऐकू गेला नाही.

मी धावले. जळणाऱ्या मोटारीवर वाळूची बादली ओतली. पट्टा सोडून अप्पांना बाजूला ओढलं. आता कळतं, ओढायला नको होतं. ते शुद्धीत होते. डोळे टक्क उघडे.

"पाय कळंना झालंत," ते म्हणाले. मग एकदम, "रतन, माझी पान्यांची पिशवी आण."

"अप्पा, बोलू नका. वहिनी! वहिनी!"

"वरडू नगंस. दारामागं खुट्टीला हाय पिशवी. पळ. ती दोघं यायच्या आत आण म्हणतो न्हवं!"

मला वाटलं, ते भ्रमात बोलतायत. पण अप्पांनी त्या आवाजात सांगितलेलं मी लहानपणापासून कधी मोडलं नव्हतं. मी माग दुरुस्तीच्या पान्यांची ती जड पिशवी आणली. त्यांनी ती माझ्या हातातून ओढून मांडीखाली सारली. तेवढ्यात दादा आणि मॅडम धापा टाकत पोचले.

"हे काय आहे?" मॅडमनी पिशवीकडे बोट केलं.

"माझे पाने हाईत म्याडम," अप्पा म्हणाले. "च्या प्यायला उतरलो तवा घेतले. जॉबर हाय मी. पाने जवळ नसले की मशिनीपाशी हात चालत न्हाई. माझी चूक झाली."

पिशवी काट्यावर ठेवली. साडेसहा किलो. अठ्ठेचाळीस आणि साडेसहा, साडेचौपन्न. मॅडमनी फाइल उघडली आणि आकडा लिहिला. मी तिथेच उभी होते. तो आकडा मी लिहू दिला.

गाडी वजनानं पडलीच नव्हती, आणि ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी गल्लीत गाडी चालवून बघितली होती. दोन फेऱ्यांत सहाही मोटारींच्या जाळ्यांवर कापसाचा जाड थर बसला आणि मोटारी तापून बोंबलायला लागल्या. एकेका जाळीला आठ बोल्ट. काढायच्या, पुसायच्या, बसवायच्या म्हणजे पाऊण तासाचं काम, आणि अट दहा मिनिटांची. मी डोक्याला हात लावून बसले.

अप्पा म्हणाले होते, "जाळी अडती न्हवं? मग काढून टाक की. मागाची तरी कोण ठेवतंय?"

हे अगदी खरं. आमच्या गावात मागाला जाळी राहत नाही. कापूस अडकतो, माग थांबवावा लागतो, म्हणून नवा माग आला की पहिल्या दिवशी जॉबर त्याच्या जाळ्या उतरवून कोपऱ्यात टाकतो. मी जॉबरची मुलगी. चार वर्षं कॉलेजात शिकून आले होते, मोटारीला जाळी कशाला असते ते परीक्षेत लिहून आले होते, आणि तरी मी हात पुढे केला आणि अप्पांनी त्यात पाना ठेवला. दोन्ही गाड्यांच्या बाराही जाळ्या आम्ही उतरवल्या. मॅडमना सांगितलं नाही. दादांना सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही आम्हाला वाटलं नाही. कापूस सरळ मोटारीत गेला, सात फेऱ्या साठत राहिला आणि पेटला.

दवाखान्यात जाताना जीपच्या मागच्या बाजूला अप्पांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"जाळीचं कुणापाशी बोलायचं न्हाई," ते पुटपुटले.

"अप्पा, मी सांगणार."

"काय सांगशील? इंजिनेर म्हणून तुझी सई हाय त्या कागदावर. उद्या कोण उभं करील तुला? माझं काय, अडाणी जॉबर. चुकला तर चुकला. लोक चार दिस हसतील." मग श्वास घेऊन म्हणाले, "माझी आन हाय तुला."

मी गप्प बसले. शपथेमुळे बसले असं सांगायला बरं वाटतं. खरं म्हणजे मी घाबरले होते आणि अप्पांनी मला लपायला जागा करून दिली होती. मी तिच्यात मुकाट्यानं शिरले.

डॉक्टरांनी तपासलं. पाठीचा कणा आहे म्हणाले, संध्याकाळपर्यंत मिरजेला हलवू. अप्पांना इंजेक्शन देऊन झोपवलं. आई उशाशी बसली. ती रडत नव्हती, नुसती त्यांच्या केसांतला कापूस वेचत होती. तीन वाजता माझा फोन वाजला. त्रिशलावहिनी होत्या.

"अप्पा कसे हाईत? शुद्धीवर हाईत न्हवं? देवाची कृपा. तू काळजी करू नको, तिथंच थांब. इकडचं आम्ही बघतोय."

"इकडचं काय, वहिनी?"

"अगं, तुझ्या दादांनी म्याडमच्या हातापाया पडून कबूल करून घेतलंय. सातवी झाली असं धरून उरलेल्या तीन फेऱ्या दुसऱ्या गाडीवर करायच्या. कारण कळलंय म्हणाल्या, वजन पाळा आणि करा. मी बसणाराय. काट्यावर पन्नास भरले. चारला सुरू."

 दुसऱ्या गाडीलाही जाळ्या नव्हत्या. आणि दुपारी चारला पाळी बदलते. पाळी बदलताना गल्लीतले सगळे माग एकदम झाडतात. सकाळी उडत होता त्याच्या चौपट कापूस त्या वेळी हवेत असतो.

"वहिनी, बसू नका. मी येतेय. मी येईपर्यंत बसू नका!"

"खुळी का काय, तू अप्पांपाशी थांब," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रिक्षातून पुन्हा पुन्हा लावला, कुणी उचलला नाही. रिक्षा चौकात टेम्पोंमागे अडकली तशी मी उतरून पळत सुटले. पोचले तेव्हा चारला सात मिनिटं होती. वहिनी डोक्याला हेल्मेट आणि साडीवरून पट्टा बांधून खुर्चीत बसलेल्या. गल्लीत पहिला झाडू लागला होता.

"दादा, थांबवा. गाडी पान्यांमुळं पडली नाही. जाळ्या मी काढल्यात. कापसानं मोटार जळली. अप्पा खोटं बोलले."

श्रेणिकदादांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. कीव होती, आणि ती रागापेक्षा वाईट होती.

"रतन, जाळीचं काय घेऊन बसलीस? आपल्या गावात कुठल्या मागाला जाळी हाय?"

"मॅडम, तुम्ही तरी ऐका. ती जळलेली मोटार उघडून बघा."

बर्वे मॅडम जवळ आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उघडली आम्ही. आत नुसता कोळसा आहे, त्यातून काय कळणार? आणि वजन मी स्वतः मोजलंय ना. हे बघ, वडिलांचं नाव राखावंसं वाटणारच. कोणत्याही मुलीला वाटेल."

"नाव राखत नाहीये मी! माझी चूक सांगतेय!"

"तेच म्हणतेय मी," त्या हळूच म्हणाल्या.

"अप्पांनाच विचारा," मी दादांना म्हटलं. "त्यांना फोन करा. वहिनी बसणार आहेत म्हणून सांगा, मग बघा ते काय बोलतात."

दादांनी आईच्या फोनवर लावला. आईनं फोन अप्पांच्या कानाला लावला असावा, कारण दादांचा आवाज मऊ झाला. "अप्पा, बरं वाटतंय का? एकच विचारतो. रतन म्हणती, जाळ्या काढल्यामुळं गाडी पडली. खरं काय?"

मी दादांच्या इतक्या जवळ उभी होते की पलीकडचं मला ऐकू येत होतं. इंजेक्शननं जड झालेला तो आवाज. "खुळी हाय ती, मालक. माझ्यापायी काहीबी बोलती. पाने माझे. तिचं ऐकू नगा."

"अप्पा!" मी ओरडले. "अप्पा, वहिनी बसतायत गाडीत!"

पण दादांनी फोन बंद केला होता. मी माझ्या फोनवरून लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. नंतर कळलं, त्याच मिनिटाला त्यांना एक्सरेला नेलं आणि आईनं फोन गादीवरच ठेवला. तिसऱ्यांदा लावला. दादांनी हात वर केला आणि वहिनींनी पंखे सुरू केले. सगळ्या गल्लीत झाडू लागले होते. पांढरं पांढरं काहीतरी फाटकातून आत यायला लागलं.

मी दादांच्या पाया पडले. अक्षरशः पाया पडले, मातीत. "एवढं ऐका. फक्त आज नको." दादांनी मला धरून उठवलं आणि बाजूला उभं केलं. "तुझं मन ठिकाणावर न्हाई पोरी," असं म्हणाले. मी दादांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

भिंतीला पहार टेकलेली होती. ती माझ्या हातात कशी आली ते मला आजही आठवत नाही. गाडी जमिनीपासून वीतभर उठली होती. मी पहिला घाव मागच्या पंख्यावर घातला. पातं फुटून भिंतीवर गेलं, गाडी धप्पकन खाली बसली. वहिनी किंचाळत पट्टा सोडून बाहेर पडल्या. त्या बाहेर पडल्या हे दिसल्यावर मी थांबायला हवं होतं. पण थांबले तर दादा दुसरं पातं बसवतील, अर्ध्या तासात पुन्हा उडवतील, हे मला माहीत होतं. पाती बदलायला मीच त्यांना शिकवलं होतं. मी सहाही पंखे फोडले. मग मोटारी फोडल्या. चार वर्षांचं काम तीन-चार मिनिटांत होत्याचं नव्हतं झालं, आणि फोडताना मी मोठमोठ्यानं रडत होते.

वहिनींनी माझ्या कानाखाली ओढली. मला बरं वाटलं.

 दादा मोकळ्या हातांनी जमिनीवर बसले आणि तुकड्यांकडे बघत राहिले. मॅडमनी फाइल बंद केली. जाताना दादांना म्हणाल्या, "मशिन चांगलं होतं हो तुमचं. माणसांनी घात केला."

अप्पांना मिरजेला हलवलं, ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ते नीट जागे झाले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. वहिनींचं नाव आलं तसं त्यांनी मला थांबवलं.

"वहिनी बसणार हुत्या?"

"हो."

"मला कुणी सांगितलंच न्हाई." त्यांनी माझं मनगट धरलं. "म्या न्हाई म्हटलो तवा ती माउली खुर्चीत बसली हुती? माझ्या सबदावर?"

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"मालकांस्नी बोलीव. आत्ताच्या आत्ता बोलीव. खरं काय ते सांगतो."

दादा आले नाहीत. दोन वर्षं आले नाहीत. अप्पा त्यानंतर सहा वर्षं जगले, कमरेखाली लाकूड होऊन, आमच्या बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर. जो कोणी भेटायला येई त्याला ते पहिल्यांदा तेच सांगत. पाने घेतलेच नव्हते. जाळ्या आम्ही दोघांनी काढल्या होत्या. पोरीनं वहिनींचा जीव वाचवला. शेजारी येत, जुने मागवाले येत, पाहुणे येत. ऐकून घेत, मान हलवत, चहा पिऊन जात. अप्पा मग थकून डोळे मिटत आणि मला विचारत, "पटलं का गं त्यास्नी?" मी हो म्हणायची.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी श्रेणिकदादा आले. एकटेच. केस पांढरे झालेले. नव्यानं बारा माग टाकले होते आणि गल्लीतल्या टेम्पोमागे पुन्हा पाऊण तास बसत होते. अप्पांनी त्यांचा हात धरला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, रडत रडत, धाप लागेपर्यंत. मी दारात उभी होते. माझा जीव कानात गोळा झाला होता. दादांनी शांतपणे ऐकलं. अप्पांच्या हातावर थोपटलं. "असू दे अप्पा. झालं गेलं," म्हणाले.

मी त्यांना सोडायला पायरीपर्यंत गेले. चपला घालताना ते थांबले. त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"रतन," ते म्हणाले, "एवढा खाटंला खिळलाय माणूस, तरी अजून तुला सोडवायला खोटं बोलतोय बघ." त्यांचे डोळे भरून आले होते. "बाप असावा तर असा."